सगळ्या लेनमध्ये सारखाच बँड: सांगोल्याच्या डाळिंबाची पाने, सोलापूरचा एप्रिल आणि एक वेस्टर्न ब्लॉट

सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतले हे प्रकरण. एमएस्सीच्या दोन विद्यार्थिनींचा प्रकल्प होता: आंबे बहार (हिवाळा संपताना येणारा फुलोरा) धरलेल्या भगवा जातीच्या डाळिंबाला एप्रिलच्या उन्हाचा ताण किती बसतो, हे पानांतल्या हीट शॉक प्रथिनांवरून (उष्णता वाढली की पेशी बनवते ती संरक्षक प्रथिने) पाहायचे. विषय चांगला आणि जिल्ह्याच्या गरजेचा. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यात डाळिंबावर घरे चालतात, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच केगावला आहे, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो.

आखणी सरळ होती. सांगोल्याजवळच्या एका बागेतून सकाळी सहाला आणि दुपारी दोनला पाने तोडायची, पिशवीत घालून दुचाकीवरून सोलापूरला आणायची, प्रथिने काढायची आणि एचएसपी७० (हीट शॉक प्रथिनांपैकी एक) च्या अँटीबॉडीने वेस्टर्न ब्लॉट करायचा, म्हणजे प्रथिने जेलमध्ये आकाराने वेगळी करायची, मेम्ब्रेन या पातळ पडद्यावर उतरवायची आणि हवे ते प्रथिन अँटीबॉडीने ओळखायचे. एका नमुन्याची रांग म्हणजे लेन, आणि ओळखलेल्या प्रथिनाची पट्टी म्हणजे बँड. सकाळचा बँड फिका आणि दुपारचा गडद, अशी अपेक्षा. पहिल्या ब्लॉटमध्ये वरपासून खालपर्यंत धूसर पट्टे आले. दुसऱ्यात बँड दिसले, पण मधोमध पांढरे, पोकळ. तिसरा स्वच्छ आला आणि त्यात सकाळ-दुपार दोन्ही लेनमध्ये बँड अगदी सारखे. अहवालात वाक्य तयार झाले होते: भगवा जातीत उन्हामुळे एचएसपी७० वाढत नाही.

हे वाक्य चुकीचे होते. पहिल्या दोन ब्लॉटमधल्या चुका डोळ्यांना दिसत होत्या म्हणून त्या सापडल्या. तिसऱ्या ब्लॉटमधली चूक सगळ्यांत मोठी होती, पण ब्लॉट देखणा असल्यामुळे तिच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

पहिला ब्लॉट: तपकिरी अर्क

डाळिंबाचे पान म्हणजे टॅनिनचे कोठार. पान साध्या ट्रिस बफरमध्ये (सामू, म्हणजे पीएच, स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) खलले की पेशीतली पॉलिफिनॉल्स बाहेर येतात, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज त्यांचे क्विनोन करते आणि ही क्विनोन प्रथिनांना कायमची चिकटतात. अर्क पाच-दहा मिनिटांत चहासारखा होतो. असे प्रथिन जेलमध्ये एका जागी थांबत नाही, लेनभर ओघळते. शिवाय अँटीबॉडीने ओळखायचा भागच झाकला गेला तर बँड येणारच नाही.

प्रथिनाचे मोजमापही याच कारणाने फसले. ब्रॅडफर्ड या रंगाने प्रथिन मोजायच्या पद्धतीत पॉलिफिनॉल आणि एसडीएस (प्रथिने विरघळवणारा साबणासारखा पदार्थ) दोन्ही ढवळाढवळ करतात. बीसीए या तांब्यावर आधारलेल्या दुसऱ्या पद्धतीत पॉलिफिनॉल स्वतःच तांब्याचे क्षपण करून खोटे वाचन चढवते, आणि नमुन्यात बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल किंवा डीटीटी ही क्षपणकारके असली तरी तेच होते. आकडा भरपूर आला, म्हणून लेनमध्ये कमी अर्क घातला गेला. प्रत्यक्षात प्रथिन त्याहून कितीतरी कमी होते.

टॅनिनवाल्या पानांसाठी टीसीए (ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल)-ॲसिटोन आणि त्यानंतर फिनॉल ही जोडगोळीच भरवशाची. वेळ जास्त जातो, पण डाळिंब, आंबा, द्राक्ष यांच्या पानांत जवळच्या वाटेने गेलात की पुन्हा सुरुवातीला येऊन उभे राहता. इथे वापरलेली पद्धत अशी:

खल आणि बत्ता आधी लिक्विड नायट्रोजनने गार करा. पानाच्या वजनाच्या दहा टक्के पीव्हीपीपी (पॉलिफिनॉल शोषून घेणारी पूड) घालून पिठासारखी पूड होईपर्यंत खला. मध्येच नायट्रोजन उडून गेला तर पुन्हा ओता, पूड ओली होऊ देऊ नका. ०.२ ग्रॅम पूड २ मिलीच्या नळीत घ्या, उणे २० अंशांवर ठेवलेल्या ॲसिटोनमधले १० टक्के टीसीए काठोकाठ भरा, जोरात हलवा, ४ अंशांवर सेंट्रीफ्यूजमध्ये १६,००० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पटीत) ३ मिनिटे फिरवा. वरचे द्रव टाकून द्या. पेलेट (तळाशी बसलेला गाळ) आधी ०.१ मोलर अमोनियम ॲसिटेट असलेल्या ८० टक्के मिथेनॉलने आणि मग ८० टक्के गार ॲसिटोनने धुवा. हिरवा रंग जाऊन पेलेट फिकट होईपर्यंत धुणे चालू ठेवा. टीसीए मागे राहिले तर पुढे नमुना जेलच्या खाचेत घालताना त्यातला ब्रोमोफिनॉल ब्लू हा निळा रंग पिवळा पडतो. तसे झाले की धुण्यात कसर राहिली हे ओळखावे.

पेलेट हवेवर जेमतेम सुकवा. मग ०.४ मिली ट्रिसने संपृक्त केलेले, ८.० सामूचे फिनॉल आणि ०.४ मिली एसडीएस बफर घाला. बफरमध्ये ३० टक्के सुक्रोज, २ टक्के एसडीएस, ०.१ मोलर ट्रिस (सामू ८.०) आणि ५ टक्के बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल. नीट हलवून ५ मिनिटे ठेवा, १६,००० जी ला ३ मिनिटे फिरवा.

डीएनए काढायची सवय असलेला हात इथे हमखास घोटाळा करतो. डीएनएच्या कामात फिनॉल खाली बसते आणि वरचा पाण्याचा थर उचलायचा असतो. इथे ३० टक्के सुक्रोजमुळे पाण्याचा थर जड होतो आणि फिनॉल वर येते, आणि प्रथिन त्या वरच्या फिनॉलमध्येच असते. या प्रकरणात एकदा वरचा थर «फिनॉल आहे» म्हणून टाकला गेला आणि खालच्या साखरपाण्यातून काहीच निघाले नाही. सुक्रोज वजन करून घाला. कमी पडले तर थर उलटसुलट होतात किंवा वेगळेच होत नाहीत.

वरचा थर नव्या नळीत घ्या, त्यावर ०.१ मोलर अमोनियम ॲसिटेट असलेले गार मिथेनॉल पाच पट घाला आणि उणे २० अंशांवर रात्रभर ठेवा. सकाळी पांढरा साका दिसतो. तो एकदा मिथेनॉलने आणि एकदा ८० टक्के ॲसिटोनने धुवा. पेलेट कडकडीत वाळू देऊ नका, ते मग कशातच विरघळत नाही. सोलापूरच्या एप्रिलमध्ये पंख्याखाली दोन-तीन मिनिटे पुरतात. थंड जागच्या पुस्तकात दहा मिनिटे लिहिलेली असतात.

फिनॉलचे काम नायट्राइल हातमोजे, चष्मा आणि धुराड्याखालीच. कातडीवर पडले तर आधी बधिर होते, त्यामुळे भाजल्याचे उशिरा कळते. लगेच भरपूर वाहत्या पाण्याखाली धरा आणि दवाखाना गाठा. उरलेले फिनॉल बेसिनमध्ये ओतायचे नाही.

शेवटचा पेलेट डीटीटी नसलेल्या १ टक्का एसडीएस-ट्रिसमध्ये विरघळवा, त्यातूनच बीसीएने मोजा आणि मोजल्यावर डीटीटी असलेला सॅम्पल बफर मिसळा. एसडीएस असलेली नळी बर्फावर ठेवू नका, पांढरा चुरा जमतो. पोटॅशियम असलेल्या बफरमध्येही तेच होते. २० मायक्रोग्रॅमची लेन हवी आणि अर्क २.४ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर असेल, तर ८.३ मायक्रोलिटर अर्क आणि २.८ मायक्रोलिटर चौपट सॅम्पल बफर. आकड्यावर भिस्त ठेवण्याआधी एक जेल कुमासी या निळ्या रंगाने रंगवून लेन सारख्या दिसतात का ते पाहाच. टॅनिनवाल्या नमुन्यात हा साधा जेल कुठल्याही रंगमापनापेक्षा खरे सांगतो.

सेंट्रीफ्यूजचे एक: कागदावर «जी» लिहिलेले असते आणि यंत्रावर आरपीएम. सूत्र असे: १.११८ × १०⁻⁵ × त्रिज्या सेंमीमध्ये × आरपीएमचा वर्ग. रोटरची त्रिज्या ८ सेंमी असेल तर १३,००० आरपीएमला सुमारे १५,१०० जी मिळतात. दुसऱ्या प्रयोगशाळेचा आरपीएम जसाच्या तसा उचलू नये.

दुसरा ब्लॉट: पोकळ बँड आणि डाग

यात तीन कारणे एकत्र आली होती.

प्राथमिक अँटीबॉडी हवे ते प्रथिन धरते; तिला धरणाऱ्या दुय्यम अँटीबॉडीला एचआरपी हे एन्झाइम जोडलेले असते आणि सबस्ट्रेटचे द्रावण घातले की ते प्रकाश देते. ही दुय्यम अँटीबॉडी १:१००० ने वापरली होती. एचआरपी इतके झाले की बँडच्या मधोमध सबस्ट्रेट क्षणात संपला आणि फोटो काढेपर्यंत तिथला प्रकाश विझला. कडा तेवढ्या उजळ राहिल्या. मेम्ब्रेनवर नुसत्या डोळ्यांनी तपकिरी रेघ दिसत असेल तर कारण हेच समजावे. १:१०,००० वर नेल्यावर बँड भरीव आले. नवी अँटीबॉडी आली की एका मेम्ब्रेनच्या पट्ट्या कापून दोन-तीन प्रमाणे ताडून पाहावीत. बाटलीवरचा आकडा सुरुवातीपुरता असतो.

ब्लॉकिंगसाठी (मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा दुधाच्या प्रथिनाने झाकण्यासाठी) किराणा दुकानातून दूध पावडर आणली होती आणि ती निघाली डेअरी व्हाइटनर. चहासाठीच्या या पावडरीत साखर असते आणि बहुधा स्निग्धांशही, म्हणजे ५ टक्के वजन करून घेतले तरी दुधाचे प्रथिन कमीच पडते. पाकिटावर «स्किम्ड मिल्क पावडर» असे असायला हवे आणि घटकांत साखर नको. ५ ग्रॅम पावडर १०० मिली टीबीएसटीमध्ये (मेम्ब्रेन धुण्याच्या बफरमध्ये) विरघळवून गाळून घ्या. न विरघळलेला कण मेम्ब्रेनवर बसला की तिथे काळा ठिपका येतो. अडतीस अंशांच्या खोलीत हे दूध दुपारपर्यंत नासते. ब्लॉकिंग एक तास, आणि प्राथमिक अँटीबॉडी रात्रभर ४ अंशांवर. ती जपून पुन्हा वापरायची म्हणून सोडियम अझाइड हे परिरक्षक घातले असेल तर दुय्यम अँटीबॉडीआधी तीन धुणी नीट करा, आणि एचआरपी जोडलेल्या अँटीबॉडीत अझाइड कधीच घालू नका. ते एचआरपी निकामी करते.

तिसरे कारण छताचा पंखा. पीव्हीडीएफ मेम्ब्रेन धुण्यांच्या मध्ये ट्रेमध्ये उघडी पडली आणि एक कोपरा सुकला. सुकलेल्या जागी अँटीबॉडी वाटेल तशी चिकटते. धुणी चालू असताना ट्रेवर झाकण हवे.

उन्हाळ्यातल्या जेलबद्दल थोडे. खोलीत ३८ अंश असताना ॲक्रिलामाइड ओतता ओतता गोठू लागते आणि जेल लहरी होतो. द्रावण आधी फ्रीजमध्ये गार करा आणि टेमेड (जेल गोठायला लावणारे रसायन) थोडे कमी घ्या. ट्रिसचा सामू दर अंशाला सुमारे ०.०२८ ने उतरतो, म्हणजे २५ अंशांना ८.० लावलेला बफर ४० अंशांना ७.६ च्या आसपास असतो. सामू लावतानाचे तापमान बाटलीवर लिहा. ट्रान्सफरचा (जेलमधली प्रथिने मेम्ब्रेनवर उतरवण्याचा) बफर २० टक्के मिथेनॉलचा, आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवलेला. टाकीत बर्फाची वीट. १०० व्होल्ट, ६० ते ७० मिनिटे, आणि अर्ध्यावर वीट बदला. पीव्हीडीएफ आधी निव्वळ मिथेनॉलमध्ये अर्धा मिनिट भिजवायला विसरू नका, नाहीतर ती प्रथिन धरतच नाही. ट्रान्सफर झाल्यावर मेम्ब्रेन पॉन्सो या लाल रंगाने रंगवून फोटो ठेवा. ५५ किलोडाल्टनजवळ रुबिस्कोची (पानातल्या सर्वांत मुबलक प्रथिनाची) मोठी पट्टी दिसली पाहिजे.

वीज गेल्याचे कळावे म्हणून फ्रीजरमध्ये पाण्याचा छोटा डबा गोठवून त्यावर नाणे ठेवा. नाणे बर्फात बुडालेले दिसले तर मध्ये सगळे वितळून पुन्हा गोठले आहे. अँटीबॉडी आल्याच दिवशी १० मायक्रोलिटरचे भाग करून ठेवाव्यात, आणि स्वतःहून बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरच्या दारात तर मुळीच ठेवू नयेत.

तिसरा ब्लॉट: स्वच्छ, सारखा आणि चुकीचा

आता मूळ प्रश्न. सकाळ आणि दुपार सारखी का?

पहिले कारण पिशवी. सांगोल्याहून सोलापूर दुचाकीवर दीड-दोन तास. बंद प्लास्टिकच्या पिशवीतले, डिकीतले पान या काळात जिवंत असते. तापमान चढले की काही मिनिटांत हीट शॉक जनुकांचे एमआरएनए (प्रथिन बनवण्याचा निरोप) बनू लागते आणि तास-दोन तासांत प्रथिन ब्लॉटवर दिसण्याइतके साठते. सकाळी सहाला झाडावर निवांत असलेले पान प्रयोगशाळेत पोचेपर्यंत दुपारच्या पानासारखे झालेले असते. अँटीबॉडीने दाखवले ते खरेच होते, फक्त ते बागेतले नव्हते.

दुसरे कारण प्रथिनाची निवड. एचएसपी७० च्या कुळातली काही प्रथिने निरोगी, गार पानातही सतत भरपूर असतात आणि बहुतेक पॉलिक्लोनल (प्रथिनावरच्या अनेक जागा ओळखणाऱ्या) अँटीबॉडी नेहमीचे आणि उन्हाने वाढलेले यांत भेद करत नाहीत. आधीच जाड असलेल्या बँडमध्ये पडलेली भर दिसत नाही. उष्णतेचा ताण पाहायचा तर एचएसपी१०१ किंवा एचएसपी१७.६ घ्यावे, ताण नसलेल्या पानात ही जवळजवळ नसतात. एचएसपी१०१ साठी ८ टक्के जेल चालतो. एचएसपी१७.६ साठी १५ टक्के जेल आणि ०.२ मायक्रॉनची मेम्ब्रेन हवी, नाहीतर लहान प्रथिन आरपार निघून जाते. अँटीबॉडी मागवण्याआधी ती ज्या तुकड्यावर बनवली त्याचा क्रम डाळिंबाच्या प्रथिनाशी जुळवून पाहा. माणसाच्या एचएसपीवरची अँटीबॉडी वनस्पतीत चालेलच असे नाही.

दोन्ही शंका एकाच जेलवर तपासल्या गेल्या. एचएसपी१०१ ची अँटीबॉडी आणि पाच नमुने: एक, सकाळी सहाला तोडून झाडाखालीच लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकलेले पान. दोन, त्याच फांदीचे पान, पण पिशवीतून सोलापूरला आणून मग गोठवलेले. तीन, दुपारी दोनला झाडाखाली गोठवलेले. चार, भगव्याच्या गुटी कलमाचे पान, कुंडी आठवडाभर २५ अंशांच्या खोलीत. पाच, त्याच कुंडीतले पान, दमट हवेत ४० अंशांवर दोन तास. शिवाय प्राथमिक अँटीबॉडी न घातलेली एक पट्टी.

चौथी लेन जवळजवळ कोरी. पाचवी गडद, म्हणजे अँटीबॉडी डाळिंबात चालते. तिसरी गडद. दुसरी तिसरीच्या तोडीस तोड, म्हणजे पिशवीचा संशय खरा. पहिली लेन मात्र विचार करायला लावणारी: बँड दुसरीपेक्षा स्पष्ट फिका, पण आहे. इथे पुन्हा नमुना बिघडल्याचा समज होऊ शकला असता. एचएसपी१०१ एकदा बनले की एका रात्रीत नाहीसे होत नाही, ते दिवसेंदिवस टिकते. एप्रिलमध्ये सांगोल्यातल्या झाडाने कालचे, परवाचे ऊन सोसलेले असते. सकाळचे पान हा कंट्रोल (ताण नसलेला, तुलनेचा नमुना) नव्हेच. तो कालच्या दुपारचा उरलेला हिशेब. खरा कंट्रोल चौथी लेन. सकाळ-दुपार तुलना करायची असेल तर तिचा अर्थ «आज किती भर पडली» एवढाच घ्यावा.

लिक्विड नायट्रोजन बागेत न्यायचा कसा, ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यांत नायट्रोजनचे कंटेनर असतात आणि ते भरून देणारी गाडी ठरलेली असते. तिथे विचारले की भरणा कुठे मिळेल हे कळते. तीन लिटरचा कंटेनर दिवसभराच्या कामाला पुरतो. तो बंद काचांच्या गाडीतून नेऊ नये, झाकण कधी घट्ट करू नये, आणि नायट्रोजनमध्ये बुडवायच्या नळ्यांना भोक पाडावे, नाहीतर बाहेर काढताना त्या फुटतात.

नायट्रोजन नाहीच मिळाला तर: बर्फ तीन भाग, मीठ एक भाग, त्यात २ मिलीच्या नळ्या, नळ्यांत १० टक्के टीसीएचे ॲसिटोन. पान अखंड टाकू नका, मेणचट थरामुळे आम्ल आत शिरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पान आपले काम करत राहते. झाडाखालीच कात्रीने केसासारखे काप करून टाका. टीसीए लागताच प्रोटीएज (प्रथिने तोडणारी एन्झाइमे) आणि प्रथिननिर्मिती दोन्ही थांबतात. बँडची घनता मोजण्याइतकी शुद्धता यातून मिळेल याची खात्री नायट्रोजनएवढी नाही, पण पिशवीपेक्षा लाख पटीने बरे.

मोजणी करताना आधी सर्वांत गडद नमुन्याचे ५, १०, २० आणि ४० मायक्रोग्रॅम लावा. प्रथिन दुप्पट केल्यावर बँडचे वाचन दुप्पट होते तिथपर्यंतच आकडे खरे. पुढे फोटो संपृक्त असतो. बँडच्या वाचनाला भाग द्यायचा तो पॉन्सोने रंगलेल्या संपूर्ण लेनच्या वाचनाने. रुबिस्कोच्या एकट्या पट्टीने नको, ती लगेच संपृक्त होते आणि ताणात स्वतःच घटू शकते. एकाच अर्काच्या तीन लेन म्हणजे तीन नमुने नव्हेत; किमान तीन झाडे हवीत. प्रत्येक झाडाच्या पश्चिमेच्या, उन्हातल्या बाजूची, शेंड्यापासून तिसऱ्या-चौथ्या जोडीची पाने घ्यावीत. कोवळे आणि जून पान एकत्र केले की फरक उन्हाचा की वयाचा, ते सांगता येत नाही.

नळीवर झाड, बाजू, तोडल्याची वेळ, गोठवल्याची वेळ आणि पानाजवळचे तापमान लिहावे. ॲसिटोनने साध्या मार्करची शाई जाते, म्हणून पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी पारदर्शक चिकटपट्टीखाली लावावी.